दोन नावांची बायको आणि मुलुंडचे बारा दिवस

प्रवासवर्णन म्हणजे मुंबईहून निघून परदेशी जायचं, तिथले पूल, चर्च आणि बर्फ बघून परत यायचं आणि मग लिहायला बसायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. माझा प्रवास उलटा झाला. मी जर्मनीतल्या लाइपझिग शहरातून निघालो, बारा दिवस मुलुंडला राहिलो आणि परत गेलो. मुलुंडला पाहण्यासारखं काय होतं म्हणाल, तर माझी बायको. ती तिथे अडकली होती.

अडकली कशी ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी पॅकिंगची यंत्रं बसवणारा माणूस. दहा वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका कारखान्याने मला व्हिएतनाममधल्या दा नांगला पाठवलं. तिथल्या कंपनीत माल तपासायच्या विभागात थुई होती. थुई हे तिचं नाव, आणि तिच्या देशात ते अगदी साधं, चारचौघींचं नाव आहे. पण मराठीत थुईथुई नाचतो तो मोर, नाहीतर कारंजं. आईने फोनवर ते ऐकलं आणि आपल्या मालवणीत विचारलं, “ह्यां काय नाव रे? सून म्हणान घरात कारंजा आणतस?”

लग्न मुलुंडला झालं. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे तांदळाचं ताट पुढे आलं आणि मी अंगठीने त्यात आईने निवडलेलं नाव लिहिलं, सायली. थुई खूप हसली. तिच्याकडे बाईचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच, लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. तिला वाटलं, हाही आमच्या लग्नातला एखादा खेळ असेल. तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली. आलेल्या एकुलत्या एक मावशीला आमचं काही कळत नव्हतं, तीही हसली. आमच्या पोरीचं नाव कशाला बदलता, असं विचारणारं मांडवात कोणी नव्हतं. मला ते तेव्हा सुचलं नाही आणि आता सुचून उपयोग नाही.

पुढे नोंदणीचा अर्ज बोरिवलीच्या मामांनी भरला, कारण घरात त्यांचं अक्षर सगळ्यांत चांगलं. पत्नीचे नाव या रकान्यात त्यांनी ठसठशीत लिहिलं, ‘सायली महेश परब’. लग्नाआधीच्या नावाच्या रकान्यात कानाला आलं तसं ‘थुई’ एवढंच. साक्षीदार म्हणून मामांनी आणि आईने सह्या केल्या. तो दाखला नऊ वर्षं कपाटात पडून होता आणि कोणाचंही काही अडलं नाही.

मग मला लाइपझिगला नोकरी लागली. माझा व्हिसा झाला, सात वर्षांच्या लीनाचा झाला. थुईचा अर्ज मात्र परत आला. दाखल्यावरची पत्नी आणि पासपोर्टवरची अर्जदार या एकच व्यक्ती असल्याचा पुरावा द्या, असं पत्र होतं. लीनाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पासपोर्टप्रमाणे. म्हणजे कागदोपत्री माझी बायको वेगळी आणि माझ्या मुलीची आई वेगळी. मित्रांनी यावर पोटभर हसून घेतलं. लीनाची तिथली शाळा ऑगस्टात सुरू होत होती. महिन्याभराचाच प्रश्न आहे म्हणून मी तिला घेऊन पुढे गेलो आणि त्या एका महिन्याचे सात झाले. फेब्रुवारीत शाळेला दोन आठवड्यांची सुट्टी लागली, तेव्हा आम्ही दोघं दाखला दुरुस्त करायला निघालो.

मुलुंड

विमानतळावर थुई एकटीच आली होती. लीना सात महिने रोज जिच्याशी बोलत होती, तिला समोर बघून माझ्या मागे लपली. थुई जवळ आली नाही. तिथेच उभी राहून तिने मला विचारलं, “जेवलंस काय?”

मी बघतच राहिलो. मी निघालो तेव्हा ती मोडकंतोडकं मराठी बोलायची. सात महिने फक्त आईबरोबर राहून ती थेट मालवणी बोलायला लागली होती. मी मुलुंडच्या शाळेत शिकलेला, मालवणी मला कळते पण जिभेवर येत नाही. माझ्या आजोळची भाषा आता दा नांगच्या मुलीला येत होती आणि मला येत नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू.

घरी आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं घालून, आणि सोलकढी. मासे तळले की लाइपझिगला शेजारी दारावर चिठ्ठी लावून जातात, अतिशय नम्र भाषेत. मुलुंडला वरच्या मजल्यावरच्या काकू धाडकन खिडकी लावतात. मला हे दुसरं बरं वाटतं. पहिल्या वर्षी थुईने गावाहून माशांच्या सॉसची बाटली आणली होती. आईने वास घेऊन सांगितलं होतं, “ह्यां आपल्या सुकटीचाच पाणी.” तिथून दोघींचं जे जुळलं ते जुळलंच.

पानं वाढली. लीना थुईच्या शेजारी बसेना. टेबलाला वळसा घालून ती बरोबर तिच्या समोर जाऊन बसली.

आई म्हणाली, “गो, आईच्या बाजूक बस मगे. इतक्या दिसांनी गावली ती.”

“बाजूला बसले तर ती दिसणार कशी?” लीना म्हणाली.

मला कळायला एक क्षण लागला. लाइपझिगला आमच्या न्याहारीची वेळ ती मुलुंडच्या दुपारच्या जेवणाची. रोज सकाळी लीना फोन दुधाच्या बाटलीला टेकवायची आणि समोर बसून आईबरोबर खायची. तिच्या लेखी आई ही समोर असायची गोष्ट झाली होती. थुई काटे काढून एकेक तुकडा टेबलावरून पलीकडे सरकवत राहिली. आई उठून आत गेली आणि बराच वेळ मीठ शोधत होती. मीठ टेबलावरच होतं.

संध्याकाळी थुईबरोबर भाजीला गेलो. वाटेत सात जणांनी तिला हटकलं. “सायलीवहिनी, लेक आली का?” “वहिनी, तुमच्या आईंना सांगा, उद्या गुडघ्याचं तेल येणार आहे.” माझ्याकडे बघून भाजीवाल्याने तिला विचारलं, “पाहुणे काय?” ज्या रस्त्यावर मी सायकल शिकलो, त्या रस्त्यावर मी पाहुणा ठरलो. लाइपझिगच्या जिन्यात मला गुड मॉर्निंगपलीकडे कोणी ओळखत नाही, आणि इथली माझी ओळख आता तिच्या नावावर चालत होती. तीसुद्धा जे नाव तिचं नव्हतं त्या नावावर.

बोरिवली

आम्ही गाठलेल्या वकिलांनी सांगितलं की दाखला दुरुस्त करायचा तर ज्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या त्यांची प्रतिज्ञापत्रं हवीत. म्हणजे मामा आणि आई. आई काय, घरातलीच, म्हणून आम्ही आधी मामांकडे गेलो.

मामा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. त्यांच्याकडे जाताना बूट पुसून जातात आणि शब्द तपासून. मी म्हटलं, “मामा, त्या अर्जात एक चूक झाली होती.”

“चूक?” मामा ताठ झाले. “दाखव. एक वेलांटी इकडची तिकडे झाली असेल तर नाव बदलेन माझं.”

“वेलांटी नाही हो. नावच चुकलंय.”

त्यांनी चष्मा लावून दाखला वाचला, दोनदा वाचला. “हे बघ, थुईतली ई दीर्घ आहे. तो कारकून ऱ्हस्व करायला निघाला होता, त्याच्याशी भांडून मी दीर्घ करून घेतली. अशी अचूक नोंद तुला मुंबईत दुसरी मिळणार नाही.”

“पण मामा, बायको सायली नाही. थुई आहे.”

“सून घरात आली की तिला सासरचं नाव असतं रे. तुझ्या मामीचं नाव कुसुम. माहेरचं माहीत आहे का तुला?”

मला माहीत नव्हतं. मामी आतून पोहे घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. थुईने विचारलं, “मामी, तुमचा नाव काय होता?”

“शेवंती,” मामी म्हणाल्या. मग पोह्यांच्या बशा ठेवत पुटपुटल्या, “पन्नास वर्षांनी विचारलं गं बाई कोणीतरी.”

 मामांनी कागद मागितला, आपल्या त्या सुंदर अक्षरात सही केली आणि खाली तारीख घालताना पेन दोनदा झटकलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “माझ्यामुळे पोरगी सात महिने लेकीपासून लांब राहिली, असंच ना?” मी नाही म्हटलं. तांदळात नाव मी लिहिलं होतं, मामांनी फक्त ते नीट उतरवून काढलं.

अंधेरी

अंधेरीला कागदांचा जर्मन अनुवाद करणाऱ्या एक बाई आहेत. घाटकोपरहून मेट्रोने गेलो. मेट्रोत एका माणसाने थुईला इंग्रजीत विचारलं, “कुठून आलात, मणिपूर?” ती म्हणाली, “मुलुंड.” त्याने पुन्हा विचारलं, “मूळच्या?” तिने पुन्हा सांगितलं, “मुलुंड ईस्ट.” 

अनुवादवाल्या बाई आधी शाळेत जर्मन शिकवायच्या. त्यांनी जुना दाखला वाचला आणि म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं मी जर्मनमध्ये घालू शकत नाही. कागदावर जे आहे तेच घालणार. मराठीत चुकलंय, ते मराठीतच निस्तरायला हवं.” मग थोड्या मवाळ झाल्या. “दुरुस्त दाखला आणा, मी सगळी कामं बाजूला ठेवून एका दिवसात करून देते. त्यांना तिकडे नवरा-बायको कळतात, मूल कळतं. घरातलं नाव म्हणजे काय, ते कळत नाही.” उठताना त्यांनी थुईला विचारलं, “तुम्हाला स्वतःला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते?”

थुईने विचार केला. “आई सायली म्हणते तर मी येते,” ती म्हणाली. “बाकी कोण म्हणते तर मी ऐकते फक्त.”

पुन्हा मुलुंड

सोपी वाटलेली सही अडली ती घरातच. वकिलांचा मजकूर असा होता: ‘सायली हे नाव केवळ घरगुती असून त्यास कायदेशीर अर्थ नाही.’ आईने तो कागद हातात घेतला आणि म्हणाली, उद्या करू. दुसऱ्या दिवशी चष्मा सापडेना. तिसऱ्या दिवशी अमावास्या. चौथ्या दिवशी गुडघा. आमच्या बारा दिवसांतले आठ संपले होते. मी ओरडलो.

“आई, तू मुद्दाम करतेस ना? एक सही करायचीय, झंझट काय आहे एवढी?”

“माका वाचूक येता,” आई म्हणाली. “केवळ म्हणजे काय रे? नऊ वर्सां मी तिका केवळ हाक मारी होतंय?”

“अगं, ती कोर्टाची भाषा आहे.”

“कोर्टाच्या भाशेत माझ्या तोंडचा नाव खोटा. मी सही करून सांगू की खोटा?”

“सात महिने झाले, आई! लीनाला आई नाही तिथे. मी सकाळी तिची वेणी घालतो, ती शाळेत जाईपर्यंत सुटते. तुला तिची काही पडलेली नाही?”

बोललो आणि जीभ चावली. आईने कागद घडी न घालता देवापुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. थुई माझ्याकडे असं बघत होती की मी पायात चपला घातल्या आणि आम्ही तिघं बाहेर पडलो. कुठे जायचं ठरलं नव्हतं. लीना म्हणाली समुद्र, म्हणून जुहू.

जुहू

वाळूत बसून आम्ही बर्फाचा गोळा खाल्ला. लीनाने काळाखट्टा घेतला आणि जीभ काढून थुईला दाखवत राहिली. आता ती शेजारी बसली होती, पण दर दोन मिनिटांनी पुढे वाकून आईचं तोंड बघायची.

“आमच्याकडे सूर्य समुद्रातून वर येतो,” थुई म्हणाली. “इथे त्यात जातो. नऊ वर्षं झाली, मला अजून उलटं वाटतं.”

“लाइपझिगला समुद्रच नाही,” मी म्हटलं.

“म्हायत आसा.” तिने गोळ्याची काडी वाळूत खोचली. “महेश, आईला नावाचा राग नाही. तुला कळत नाही?”

“मग?”

“सही केली की मी जातलंय. तिला ते सांगता येत नाही, म्हणून ती केवळ केवळ करते.”

मला खरंच कळलं नव्हतं. सात महिने मी या दोघींची कल्पना करत होतो, ती अशी की थुई माझी वाट बघतेय आणि आई तिला सांभाळतेय. दोघी मिळून एक घर चालवत होत्या आणि त्यात मी नव्हतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वडील गेल्यापासून आई दुपारी एकटीच जेवायची, भांड्यातूनच. आता ती दोन पानं घेते.

“तुला यायचं नाहीये का?” मी विचारलं. हा प्रश्न विचारायची मला महिनाभर भीती वाटत होती.

तिने लीनाच्या केसांतली वाळू झटकली. “मला रोज यायचं होतं. रोज. तू फोन ठेवलास की मी ताट तसंच ठेवून बसायची. आई येऊन म्हणायची, जेव गो, तिनं खाल्ल्यान ना, आता तू खा.” ती माझ्याकडे वळली. “मला दोन्ही पाहिजे. कुठल्या ऑफिसात अर्ज करू?”

मी तिचा हात धरला. आजूबाजूला भेळवाले ओरडत होते. सूर्य समुद्रात जाईपर्यंत ती बघत थांबली.

घरी आलो तेव्हा कागद टेबलावर होता. आईने सही केली होती. ‘केवळ’ या शब्दावर तिने पेनाने काट मारली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मी दिलेले’.

वकील वैतागले. खाडाखोड चालणार नाही म्हणाले. थुईने त्यांना सांगितलं, नवीन कागद करा, पण तसंच लिहा. वकिलांनी डोकं खाजवलं आणि नवा कागद केला: ‘सायली हे नाव मी दिलेले घरगुती नाव असून त्यास कायदेशीर अर्थ नाही.’ आईने तो दोनदा वाचला आणि सही केली. मग मला म्हणाली, “चेडवाच्या वेणीक तेल लाव आधी. मगे सुटाची नाय.” माझ्या ओरडण्यावर ती एवढंच बोलली. मी पाया पडलो तेव्हा तिने पाठीवर एक धपाटा घातला.

बाराव्या दिवशी हातात दुरुस्तीच्या अर्जाची पोचपावती होती, दाखला नव्हता. लीना आणि मी परत निघालो. विमानतळाच्या दाराशी लीना थुईला सोडेना. मी तिला उचलून आत नेलं, ती माझ्या खांद्यावरून मागे हात करून रडत होती. मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर गेलो नसतो.

लाइपझिग

दुरुस्त दाखला आणि व्हिसा हाती पडून एप्रिलच्या शेवटी थुई आली. लीनाने वर्गातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी शाळेच्या फाटकाशी पाच मुली तिला बघायला थांबल्या. मुलुंडहून आणलेली तिरफळं तिने स्वयंपाकघरात डब्यात भरली. सकाळी न्याहारीला बसलो की फोन दुधाच्या बाटलीला टेकतो आणि पलीकडे आई जेवत असते. पहिल्या सकाळी मी नीट बघितलं. पान एकच होतं.

दोन आठवड्यांनी राहण्याच्या परवान्यासाठी तिघांना कार्यालयात बोलावलं. समोरच्या बाई तरुण, प्रसन्न. त्यांनी कागद एकेक करून लावले. नवरा, बायको, मूल, तिन्ही नावं सगळीकडे जुळत होती. दाखल्यावर थुई, पासपोर्टवर थुई, लीनाच्या कागदावर थुई. बाईंनी शिक्का मारला, आमच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “चला, कुटुंब पूर्ण झालं.”

मी घाईघाईने हो म्हटलं.

“नाही,” थुई जर्मनमध्ये म्हणाली. व्हिसासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेपुरतं जर्मन तिला आता येत होतं.

बाई दचकल्या. त्यांनी कागद पुन्हा मोजले. “कोण राहिलं?”

सासूला जर्मनमध्ये काय म्हणतात, ते तिच्या पुस्तकात नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला तो शब्द येत होता, पण मी सांगितला नाही.

“आई,” ती म्हणाली.

बाईंनी पासपोर्ट उघडून पाहिला. “तुमच्या आई व्हिएतनामला असतात का?”

“नाही,” थुई म्हणाली. “मुलुंडला.”